कर्करोगावरील उपचारांची निवड : डॉक्टरांची पसंती आणि रुग्णाची पसंती

कर्करोगाचे निदान झाले म्हणजे उपचारांचा मार्ग एकच असतो, तो डॉक्टरांनी दाखवावयाचा आणि रुग्णाने त्यावरून चालावयाचे, अशी समजूत आपल्याकडे सर्वत्र आढळते. 'डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणाल तसे करू,' हे वाक्य रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात रोज कितीतरी वेळा उच्चारले जाते. या वाक्यात विश्वास असतो आणि विश्वासावाचून कोणताही उपचार तडीस जात नाही, हे खरे आहे. तथापि, कर्करोगाच्या बाबतीत पुष्कळदा मार्ग एकाहून अधिक असतात. शस्त्रक्रिया करावी की किरणोपचार घ्यावेत, संपूर्ण अवयव काढावा की केवळ गाठ काढावी, उपचार तातडीने सुरू करावेत की काही काळ लक्ष ठेवून थांबावे, असे प्रश्न उपस्थित होतात. त्यांची उत्तरे काही वेळा वैद्यकशास्त्र निःसंदिग्धपणे देते. काही वेळा मात्र शास्त्र दोन मार्ग समान ठरवून बाजूस होते आणि उरतो तो केवळ पसंतीचा प्रश्न.

ही पसंती कोणाची? डॉक्टरांची, रुग्णाची, की रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्या नातेवाइकांची? गेल्या काही दशकांत या प्रश्नाचा निरनिराळ्या देशांत पद्धतशीर अभ्यास झाला आहे. गावातील रुग्णाला धीर देणारे व त्याच्याबरोबर शहरातील रुग्णालयापर्यंत जाणारे बहुधा शिक्षक, पंचायत सदस्य किंवा एखादे शासकीय कर्मचारीच असतात. त्यांना या अभ्यासाचा निष्कर्ष ठाऊक असणे उपयुक्त ठरेल.

जेथे शास्त्र निर्णय देते

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रत्येक निवड ही आवडीनिवडीची बाब नसते. याचे उत्तम उदाहरण आपल्या मुंबईतच घडले आहे.

तंबाखू, गुटखा व सुपारी यांच्या सेवनामुळे होणारा तोंडाचा कर्करोग आपल्या राज्यात मोठ्या प्रमाणावर आढळतो. हा रोग प्राथमिक अवस्थेत असताना तोंडातील गाठ काढावी लागते, याविषयी मतभेद नव्हता. मतभेद होता तो मानेतील लसिका ग्रंथींविषयी. मानेत रोग पसरल्याचे चिन्ह दिसत नसतानाही या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढून टाकाव्यात, असे काही शल्यचिकित्सक मानीत. इतरांचे म्हणणे असे की, विनाकारण मोठी शस्त्रक्रिया करू नये. रोग मानेत उतरल्याचे दिसले, तरच ग्रंथी काढाव्यात. अनेक वर्षे हा प्रश्न ज्या त्या शल्यचिकित्सकाच्या मतावर सोपविलेला होता.

टाटा स्मारक रुग्णालयातील तज्ज्ञांनी या प्रश्नाची तुलनात्मक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. पाचशे रुग्णांच्या माहितीवरून असे दिसून आले की, ज्यांच्या मानेतील ग्रंथी पहिल्याच वेळी काढल्या होत्या, त्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनंतर जिवंत होते. ज्यांच्या बाबतीत वाट पाहण्यात आली, त्यांच्यात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. येथे पसंतीचा प्रश्न उरला नाही. 'मान कापून घ्यावयाची नाही,' असे रुग्ण म्हणत असेल, तर हे आकडे त्याला समजावून सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे, आणि ते ऐकून घेण्यासाठी त्याला धीर देणे हे त्याच्या हितचिंतकांचे.

जेथे दोन मार्ग समान ठरतात

स्तनाच्या कर्करोगाची कथा याहून वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील बाल्टिमोर येथील शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी एकत्र काढण्याची पद्धत रूढ केली. पुढे सुमारे पाऊणशे वर्षे हाच राजमार्ग मानला गेला. अमेरिकेत तर गाठीची तपासणी आणि स्तन काढणे या दोन्ही गोष्टी एकाच भुलीत उरकण्याची प्रथा पडली होती. तपासणीसाठी भूल घेतलेल्या स्त्रीला जागे झाल्यावरच आपण काय गमावले ते कळे. तिची पसंती विचारण्याचा प्रश्नच उद्भवत नसे.

एवढी मोठी शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक आहे काय, हा प्रश्न इटलीतील मिलान येथे उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी विचारला. व्हेरोनेसी यांची चाचणी १९७३ मध्ये व फिशर यांची १९७६ मध्ये सुरू झाली. वीस वर्षांच्या पाहणीनंतर २००२ मध्ये दोहोंचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ते एकमेकांशी जुळले. प्राथमिक अवस्थेतील रोगात संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रिया आणि केवळ गाठ काढून त्यावर किरणोपचार घेतलेल्या स्त्रिया यांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. मात्र, गाठ काढून किरणोपचार टाळल्यास त्याच स्तनात रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण बरेच वाढते. फिशर यांच्या पाहणीत किरणोपचार घेतलेल्यांत ते सुमारे १४ टक्के, तर न घेतलेल्यांत सुमारे ३९ टक्के होते.

म्हणजे ज्या रुग्णस्त्रीला हे दोन्ही मार्ग मोकळे आहेत, तिच्यापुढे जगणे की मरणे असा पेच नसतो. एकीकडे अवयव वाचतो, परंतु काही आठवडे किरणोपचारांसाठी जावे लागते. दुसरीकडे अवयव जातो, परंतु पुष्कळदा किरणोपचार टळतात. यांपैकी काय अधिक मोलाचे, हे शास्त्र सांगू शकत नाही. ते त्या स्त्रीनेच सांगावयाचे असते. 'आता या वयात काय करावयाचा अवयव?' असे तिच्या वतीने दुसऱ्या कोणी म्हणणे योग्य नव्हे.

डॉक्टरांचीही पसंती असते

डॉक्टर देतात तो सल्ला निव्वळ शास्त्राचा असतो, असे आपण धरून चालतो. वस्तुतः डॉक्टरही माणूसच आहे. ज्या विद्येत त्याची हयात गेली, तिच्यावर त्याचा विश्वास अधिक असणे स्वाभाविक आहे.

याचे प्रत्यंतर अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आले. पुरुषांमधील प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग ग्रंथीपुरताच मर्यादित असेल, तर कोणता उपचार योग्य, असे ५०४ मूत्ररोग शल्यचिकित्सकांना आणि ५५९ किरणोपचारतज्ज्ञांना विचारण्यात आले. दहा वर्षांहून अधिक आयुष्य अपेक्षित असलेल्या विशिष्ट गटातील रुग्णांसाठी ९३ टक्के शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रियेला पसंती दिली. किरणोपचारतज्ज्ञांपैकी ७२ टक्क्यांनी मात्र शस्त्रक्रिया व किरणोपचार समान मानले. रोग तोच, ग्रंथ तेच. परंतु रुग्ण कोणत्या दारातून आत गेला, यावर त्याला मिळणारा सल्ला बदलत होता.

पुढे ब्रिटनमध्ये अशाच १,६४३ रुग्णांची तीन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटावर शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याला किरणोपचार मिळाले, तर तिसऱ्या गटातील रुग्णांवर नियमित तपासण्यांद्वारे लक्ष ठेवून गरज भासल्यासच उपचार करण्यात आले. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. या रोगाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण तिन्ही गटांत सुमारे तीन टक्के किंवा त्याहून कमीच राहिले. फरक होता तो दुष्परिणामांत. शस्त्रक्रियेनंतर लघवीवरील ताबा व लैंगिक क्षमता यांवर अधिक परिणाम झाला. लक्ष ठेवलेल्या गटात रोग अन्यत्र पसरण्याचे प्रमाण काहीसे अधिक होते. कोणता त्रास सहन करावयाचा व कोणती काळजी मनात बाळगून जगावयाचे, याचे उत्तर प्रत्येकाचे निराळे असणार.

यातून डॉक्टरांविषयी अविश्वास उत्पन्न व्हावा, असा हेतू नाही. म्हणूनच मोठ्या कर्करोग रुग्णालयांत शल्यचिकित्सक, किरणोपचारतज्ज्ञ व औषधोपचारतज्ज्ञ एकत्र बसून रुग्णाचा विचार करतात. जेथे अशी व्यवस्था नाही, तेथे दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे हा पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे.

आकडे तेच, निर्णय वेगळा

माहिती कोणत्या शब्दांत सांगितली जाते, यावरही निवड अवलंबून असते. या विषयावरील १९८२ सालचा एक अमेरिकन अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात २३८ रुग्ण, ४९१ विद्यार्थी आणि ४२४ डॉक्टर सहभागी झाले होते. या रुग्णांना कर्करोग नव्हता, अन्य आजार होते. आपल्याला फुप्फुसाचा कर्करोग झाला आहे, अशी कल्पना करून शस्त्रक्रिया व किरणोपचार यांपैकी एकाची निवड करावी, असे सर्वांना सांगण्यात आले.

काहींना सांगितले गेले की, शस्त्रक्रिया केलेल्या १०० जणांपैकी ९० जण तिच्यातून सुखरूप बाहेर पडतात आणि पाच वर्षांनंतर ३४ जिवंत असतात. किरणोपचारांत उपचारकाळात कोणी दगावत नाही, परंतु पाच वर्षांनंतर २२ जिवंत असतात. इतरांना हीच माहिती उलट बाजूने दिली गेली : शस्त्रक्रियेच्या सुमारास १०० पैकी १० दगावतात व पाच वर्षांत ६६, किरणोपचारांच्या काळात एकही नाही, परंतु पाच वर्षांत ७८. अर्थ अगदी तोच. तरीही, किती जगतात हे ऐकलेल्यांपैकी सुमारे १८ टक्क्यांनी किरणोपचार निवडले, तर किती मरतात हे ऐकलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्क्यांनी. विशेष म्हणजे अनुभवी डॉक्टरही या शब्दांच्या प्रभावातून सुटले नाहीत.

यास्तव कर्करोगाविषयीचा कोणताही आकडा दोन्ही बाजूंनी ऐकावा. 'शंभरात किती बरे होतात' हे विचारावे, तसेच 'शंभरात किती जणांना उपयोग होत नाही' हेही विचारावे.

रुग्णाच्या तराजूत काय असते?

निरोगी माणसाला वाटते, आपण रुग्ण असतो तर अमुक केले असते. हा अंदाज बहुधा चुकतो. ब्रिटनमध्ये १९९० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तीव्र दुष्परिणाम असलेल्या औषधोपचारांविषयी कर्करोगाचे रुग्ण, निरोगी नागरिक, डॉक्टर व परिचारिका यांची मते अजमावण्यात आली. किती लाभ होणार असेल तर हा त्रास सोसाल, असा प्रश्न होता. निरोगी व्यक्ती आणि वैद्यकीय व्यवसायातील व्यक्ती यांच्यापेक्षा प्रत्यक्ष रुग्ण फारच थोड्या लाभाच्या आशेवर तो त्रास सोसावयास तयार होते. 'कशाला आता त्यांना त्रास?' असे नातेवाईक ठरवितात, तेव्हा रुग्णाचे मत नेमके उलट असू शकते. याउलट, आपल्याला आता अधिक उपचार नकोत, वेदनांपासून आराम व घरची माणसे हवीत, असे रुग्ण म्हणत असेल, तर तीही विचारपूर्वक केलेली निवड असू शकते.

काहींच्या दृष्टीने आयुष्याच्या लांबीहून अन्य गोष्टी मोलाच्या असतात. स्वरयंत्राच्या कर्करोगाविषयी अमेरिकेत ३७ निरोगी व्यक्तींच्या मुलाखती घेण्यात आल्या. त्याचे निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वरयंत्र काढल्यास जगण्याची शक्यता वाढते पण नैसर्गिक आवाज जातो. किरणोपचारांनी आवाज राहतो पण जगण्याची शक्यता घटते, अशी निवड त्यांच्यापुढे होती. सुमारे वीस टक्क्यांनी आवाजाच्या बाजूने कौल दिला. वर्गात शिकविणारा शिक्षक, कीर्तनकार किंवा बाजारात ओरडून भाजी विकणारी स्त्री यांच्या दृष्टीने आवाज म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. पुढे १९९१ मध्ये अमेरिकेतच ३३२ रुग्णांवरील चाचणीतून औषधे व किरणोपचार यांचा तिसरा मार्ग पुढे आला. त्यात सुमारे ६४ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र वाचले आणि दोन वर्षांनंतरच्या जीवितप्रमाणात फरक पडला नाही. म्हणून 'याशिवाय आणखी कोणता मार्ग आहे काय?' हा प्रश्न विचारणे नेहमीच शहाणपणाचे असते.

सर्वच रुग्णांना स्वतः निर्णय घ्यावासा वाटतो, असेही नाही. कॅनडातील एका अभ्यासात (१९९२) निरोगी नागरिकांपैकी ६४ टक्के म्हणाले की, कर्करोग झाल्यास उपचार आम्ही स्वतः निवडू. परंतु नुकतेच निदान झालेल्या रुग्णांपैकी ५९ टक्क्यांना निर्णय डॉक्टरांनी घ्यावा असे वाटत होते. तेथेच १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या, स्तनाचा कर्करोग असलेल्या १,०१२ स्त्रियांच्या पाहणीत २२ टक्के स्त्रियांना स्वतः निवड करावयाची होती, ४४ टक्क्यांना डॉक्टरांच्या बरोबरीने आणि ३४ टक्क्यांना निर्णय डॉक्टरांवर सोपवावयाचा होता. आपल्या इच्छेप्रमाणे सहभाग मिळाला, असे मानणाऱ्या मात्र केवळ ४२ टक्के होत्या.

तात्पर्य, 'तुम्हीच ठरवा' असे डॉक्टरांना सांगणे हीदेखील एक रास्त निवड आहे. अट एवढीच की, ती रुग्णाने स्वतः केलेली असावी; न विचारल्यामुळे त्याच्यावर लादली गेलेली नसावी.

नातेवाईक, संमती आणि कायदा

आपल्याकडे एक वेगळीच अडचण आहे. निदान रुग्णाला न सांगता ते मुलाला, पतीला किंवा दिराला सांगितले जाते. 'आईला सांगू नका, ती खचेल,' अशी विनंती डॉक्टरांना केली जाते. यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु ज्याला आपला आजारच माहीत नाही, त्याला पसंती कशी व्यक्त करता येणार? शिवाय कर्करोग रुग्णालयाची पाटी, किरणोपचारांची खोली आणि गळणारे केस रुग्णाला सारे सांगतच असतात. लपविण्याने दुःख टळत नाही. रुग्ण ते एकट्याने भोगतो, एवढेच.

कायद्याची भूमिका याबाबतीत स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये एका महत्त्वाच्या प्रकरणात निर्णय दिला. रुग्णस्त्री तपासणीसाठी भुलीखाली असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व बीजांडकोश काढले होते. हे प्रकरण कर्करोगाचे नव्हते. तथापि त्यात घालून दिलेली तत्त्वे सर्वच उपचारांना लागू आहेत. सज्ञान व निर्णयक्षम रुग्णाच्या वतीने अन्य कोणी दिलेली संमती पुरेशी नाही. तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे उपचारासाठी दिलेली संमती नव्हे. उपचाराचे स्वरूप, त्यातील धोके, पर्यायी उपचार आणि उपचार न घेतल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती रुग्णाला मिळाली पाहिजे. प्राण वाचविण्यासाठी तातडीची कृती आवश्यक असेल, तेव्हाच याला अपवाद आहे.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या आणि २०१८ मध्ये पुढे आलेल्या रुग्णहक्क सनदेतही माहितीपूर्ण संमती, दुसरे मत घेणे आणि आपली कागदपत्रे मिळणे या हक्कांचा समावेश आहे. रुग्णाने मागणी केल्यावर वैद्यकीय नोंदी ७२ तासांत द्याव्यात, अशी तरतूद वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांत आहे.

अंतर आणि खर्च

ग्रामीण भागात निवड पुष्कळदा रोगावर नव्हे, तर रस्त्याच्या अंतरावर ठरते. किरणोपचारांची सोय दूर असेल, राहावयास जागा नसेल, घरी गुरे व लहान मुले असतील, तर 'एकदाचे सगळे काढून टाका' असे रुग्णस्त्री म्हणते. ती तिची पसंती की तिची अडचण, हे तपासून पाहिले पाहिजे. अडचण दूर होण्याजोगी असेल, तर पसंती बदलू शकते.

एक उदाहरण पाहू. स्तनाच्या कर्करोगात पूर्वी पाच आठवड्यांत २५ वेळा किरणोपचार देण्याची पद्धत होती. ब्रिटनमधील चाचण्यांच्या दहा वर्षांच्या पाहणीतून २०१३ मध्ये असे सिद्ध झाले की, तीन आठवड्यांत १५ वेळा दिलेले उपचारही तितकेच परिणामकारक व सुरक्षित असतात. पाच आठवडे आणि तीन आठवडे यांतील फरक शेतमजूर स्त्रीच्या दृष्टीने लहान नाही. खर्चाच्या बाबतीत, २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी योजना उपयोगी पडते. कर्करोगावरील शस्त्रक्रिया, औषधोपचार व किरणोपचार यांचा तिच्यात अंतर्भाव आहे. योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र मार्गदर्शन करतात. मुंबईत निवासासाठी दादर येथील संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या संस्थांचा कर्करुग्णांना आधार आहे. रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटल्यास अशी माहिती मिळते.

आपण काय करू शकतो?

शिक्षक, ग्रामसेवक किंवा पंचायत सदस्य यांनी रुग्णाला उपचारांचा सल्ला द्यावयाचा नाही. ते त्यांचे काम नव्हे. झाडपाल्याच्या औषधासाठी महत्त्वाचे महिने वाया जाऊ न देणे आणि डॉक्टरांशी बोलताना रुग्णाला साहाय्य करणे, हे मात्र त्यांना निश्चित करता येईल. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. रोग कोणत्या अवस्थेत आहे? उपचाराचा हेतू रोग समूळ बरा करण्याचा आहे की त्रास कमी करण्याचा? मार्ग किती आहेत, आणि त्यांपैकी एखादा निश्चितपणे सरस ठरला आहे काय? शंभर रुग्णांपैकी किती जणांना लाभ होतो व किती जणांना होत नाही? पुढे बोलणे, जेवण, काम व संसार यांवर काय परिणाम होईल? किती दिवस राहावे लागेल? निर्णयासाठी किती दिवस थांबता येईल?

यांतील शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. तातडीची स्थिती नसेल, तर विचार करण्यासाठी आणि दुसरे मत घेण्यासाठी थोडे दिवस पुष्कळदा मिळू शकतात. हे दिवस किती, ते मात्र डॉक्टरांनीच सांगावयास हवे.

आणि एक प्रश्न डॉक्टरांना नव्हे, तर रुग्णालाच विचारावयाचा आहे : 'तुम्हाला काय वाटते?' तो रुग्णाला एकट्याला गाठून, घरातील वडीलधारी मंडळी भोवती नसताना, शांतपणे विचारावा. विशेषतः स्त्रियांना हा प्रश्न आयुष्यात फारसा कोणी विचारलेला नसतो. त्यामुळे पहिले उत्तर 'मला काय कळते?' असे येण्याची शक्यता आहे. तेवढ्यावर समाधान मानू नये. रोगाविषयी डॉक्टरांना अधिक कळते. परंतु आपल्या आयुष्यात काय राखावयाचे आणि काय सोडावयाचे, हे त्या व्यक्तीइतके अन्य कोणालाही कळत नाही. दोघांचे हे जाणणे एकत्र आले, म्हणजेच उपचारांची निवड खऱ्या अर्थाने पूर्ण होते.